तीस अंशांचा बेंच

जिममध्ये नवीन माणूस आला की दोन-तीन दिवसांत त्याला एक प्रश्न हमखास येतो. "बेंच कितलें मारता?" नाव, गाव, नोकरी ह्या चौकशा नंतर. ह्या प्रश्नातला बेंच म्हणजे सपाट बेंच, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. तिरप्या बेंचवर, म्हणजे इनक्लाइनवर किती उचलतोस, असं कुणी कुणाला विचारल्याचं निदान माझ्या ऐकण्यात नाही. फोंड्यातल्या ज्या जिममध्ये मी गेली अकरा वर्षं जातो, तिथे सोमवारी संध्याकाळी सपाट बेंचमागे जत्रेत देवदर्शनाला असावी तशी रांग असते. शेजारचा तिरपा बेंच टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या कामी येतो.

गंमत अशी की तीच मुलं व्यायाम संपल्यावर आरशासमोर उभी राहतात आणि तक्रार करतात ती छातीच्या वरच्या भागाची. खाली मांस भरलेलं असतं, टी-शर्ट ताणलेला असतो, पण गळपट्टीच्या हाडाखालची जागा खोलगटच राहिलेली असते. बाजूने पाहिलं तर छाती खाली उतरल्यासारखी दिसते.

इथे सहसा नाटक, भजन, दशावतार असे विषय असतात, मग आज हे काय, असं काही वाचकांना वाटेल. पण मंडळी, छाती हा आपल्या भाषेतला फार मोठा अवयव आहे. आपण छातीठोकपणे सांगतो, संकटात छातीचा कोट करतो, भीतीने आपली छाती दडपते. कौतुकाने ऊर भरून येतो आणि दुःखात माणूस ऊर बडवतो. मारुतीने राम दाखवला तोही छाती फाडून, आणि म्हणूनच की काय, जुन्या तालमीत कोनाड्यात मारुती असायचाच. तेव्हा बावीस वर्षांच्या पोराला आपली छाती भरलेली हवी असं वाटलं, तर त्याला हसण्यासारखं त्यात काही नाही.

हा बावीस वर्षांचा पोर म्हणजे माझा भाचा. हॉटेल मॅनेजमेंट करून तो क्रूझवर नोकरीला निघाला होता. गोव्यातल्या घराघरांतून कोणी ना कोणी ‘बोटीर’ असतो, तसा आता आमच्याही घरातून. जायचं फेब्रुवारीत, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी जेवण झाल्यावर तो मला म्हणाला, "मामा, वयलें हड्डें भरनाच रे!" मग जरा आवाज खाली आणून त्याने दुसरी गोष्ट सांगितली. तो ज्या जिममध्ये जायचा तिथल्या एकाने त्याला आठ आठवड्यांचा ‘कोर्स’ सुचवला होता. कोर्स म्हणजे इंजेक्शनं. फेब्रुवारीपर्यंत छाती भरून देतो, अशी हमी होती. पोराने अजून हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

आता अशा वेळी भाषण देऊन काही होत नाही. इंजेक्शनवाल्याकडे निदान एक योजना होती, आणि माझ्याकडे फक्त ‘नको’ असून चालणार नव्हतं. म्हणून मी मुळापासून सुरुवात केली.

छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, हा पंख्यासारखा असतो. पंख्याची मूठ दंडाच्या हाडाला, वरच्या टोकाजवळ, पुढच्या बाजूने बांधलेली. तिथून तो पसरतो. मोठा भाग छातीच्या मधल्या हाडाला आणि बरगड्यांच्या कूर्चांना जाऊन चिकटतो. वरचा लहान भाग गळपट्टीच्या हाडाच्या आतल्या अर्ध्याला चिकटतो. वैद्यकीय मराठीत ह्या हाडाला जत्रुक म्हणतात. आपण ज्याला वरची छाती म्हणतो ती हीच. म्हणजे स्नायू एकच, पण त्याच्या तंतूंच्या दिशा वेगळ्या. मधले तंतू दंडाला आडवे आत ओढतात, तर वरचे तंतू दंडाला आत आणि वर ओढतात. वरच्यांना काम द्यायचं असेल तर हात थोडा वरच्या दिशेने गेला पाहिजे. बेंच तिरपा करायचा तो एवढ्याचसाठी.

पावसाळ्यात घाटीवर बंद पडलेली गाडी ढकलण्याचा प्रसंग आठवून पाहा. आपण पाय मागे रोवतो, अंग पुढे झुकवतो आणि हात जवळजवळ कपाळाच्या रेषेत लावून जोर देतो. अंगाच्या मानाने हात वरच्या दिशेने ढकलत असतात. तो तिरपा बेंच प्रेसच आहे, फक्त झोपायच्या ऐवजी उभ्याने केलेला. दुसऱ्या दिवशी गळपट्टीखाली जे दुखतं ते वरच्या छातीचं दुखणं.

पण अशी कामं आपल्याकडे रोजची नव्हती. माझ्या लहानपणी गावात पिळदार अंगाची माणसं पुष्कळ होती, आणि ती सगळी ओढण्याच्या कामाने घडलेली. माडावर चढणारा पाडेली, रापण ओढणारे मच्छीमार, विहिरीचं पाणी शेंदणारे, कुळागरात कुदळ चालवणारे. त्यांच्या पाठी आणि पोटऱ्या पाहण्यासारख्या असत. छाती मात्र बेताचीच. ढकलण्याचा मुद्दाम व्यायाम होता तो तालमीत, आणि तो म्हणजे दंड. साधा दंड, हनुमान दंड, वृश्चिक दंड अशा त्याच्या कितीतरी जाती. ह्या विद्येची एक मोठी गादी महाराष्ट्राबाहेर, बडोद्याला होती. तिथले उस्ताद जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव ह्यांची परंपरा जुम्मादादा व्यायाममंदिराच्या रूपाने चालली, आणि दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्यातूनच मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. व्यायामाबद्दल इतकं मराठीत कुणी लिहून ठेवलं असेल ह्यावर आजच्या जिममधल्या पोरांचा विश्वास बसत नाही.

दंड नीट पाहिला तर त्यात आपला विषय सापडतो. सुरुवातीला कंबर वर उचललेली असते, हात कानांच्या रेषेत येतात, आणि माणूस तिथून खाली झेपावतो. त्या पहिल्या टप्प्यात भार खांद्याच्या पुढच्या भागावर आणि वरच्या छातीवर येतो. मग शरीर आडवं होताना तो मधल्या छातीकडे सरकतो. एका दंडात माणूस दोन-तीन कोनांतून जातो. अडचण एकच, की त्यात भार वाढवता येत नाही. शंभराचे दोनशे करता येतात, त्याने दम वाढतो, पण ठरावीक मर्यादेपलीकडे मांस वाढत नाही. तिथे लोखंड कामाला येतं.

लोखंडाच्या जगातही बेंच प्रेस नंतर मोठा झाला. आधी मान होता उभ्याने डोक्यावर वजन ढकलण्याला. ऑलिंपिकमध्ये ‘प्रेस’ नावाचा प्रकारच होता. पण जास्त वजन जावं म्हणून खेळाडू पाठीमागे इतके झुकू लागले की पंचांना बरोबर-चूक ठरवणं अशक्य झालं, आणि १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकार काढून टाकला. मागे झुकून ते काय करत होते? उभ्याउभ्या तिरपा बेंच प्रेस! नुसत्या खांद्यांना जे जमत नव्हतं, त्यात वरच्या छातीला मदतीला घेत होते. शरीराला हे गणित आपसूक कळतं.

मग प्रश्न येतो, बेंच नेमका किती तिरपा? २०२० साली स्पेनमधल्या संशोधकांनी सराव असलेल्या तीस जणांना ०, १५, ३०, ४५ आणि ६० अंशांच्या बेंचवर प्रेस करायला लावलं आणि स्नायूंची विद्युत हालचाल मोजली. वरच्या छातीची हालचाल ३० अंशांवर सर्वांत जास्त आढळली. ४५च्या पुढे खांद्याचा पुढचा भाग काम स्वतःकडे घेतो. आता विद्युत हालचाल म्हणजे वाढ नव्हे, आणि १९९५च्या एका अभ्यासात तिरप्या बेंचचा असा फायदा दिसलाही नव्हता, उलट हात जवळ धरल्याने वरच्या भागाला जास्त काम पडल्याचं दिसलं होतं. पण २०२०मध्येच नवशिक्या तरुणांवर आठ आठवड्यांचा एक प्रयोग झाला, त्यात प्रत्यक्ष स्नायूची जाडी मोजली, आणि तिरप्या बेंचवर मेहनत करणाऱ्यांची वरच्या बाजूची जाडी अधिक वाढलेली निघाली. तेव्हा दिशा नक्की आहे, आणि कोन फार मोठा नको.

नेमकं इथेच आपल्या जिममध्ये घोटाळा होतो. बारबेलसाठी जो पक्का बसवलेला तिरपा बेंच असतो तो बहुधा ४५ अंशांच्या आसपासचा असतो. पोरं त्यावर महिना-दोन महिने घाम गाळतात, खांदे तेवढे भरतात, आणि मग ‘इनक्लाइनने काही होत नाही’ म्हणून पुन्हा सपाट बेंचच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी मी भाच्याच्या जुन्या कंपासपेटीतला ३०-६०-९० अंशांचा गुण्या खिशात घालून त्याला आमच्या जिममध्ये नेलं. "मामा, हें म्हज्या शाळेंतलें न्हू?" म्हणून तो हसायला लागला. पण हलवता येणाऱ्या बेंचची पाठ एकेका खाचेत लावून आम्ही गुण्याने पाहिलं, तेव्हा सपाटपासून दुसरी खाच तिसाच्या जवळ निघाली आणि तो ज्या खाचेवर करत असे ती पन्नासच्याही पुढे. मग त्याचं हसू थांबलं. तुमच्या जिममध्ये खाचांचा हिशेब वेगळा असेल. मोबाइलमधल्या लेव्हलनेही कोन कळतो, पण गुण्याची मजा वेगळी.

कोन ठरला तरी प्रकार ठरायचा राहतो. ह्यात सगळ्यांना एकच उत्तर देणाऱ्याचं ऐकू नये.

बारबेल हा सर्वांत सरळ मार्ग. वजन अडीच-अडीच किलोने वाढवता येतं आणि प्रगती वहीत दिसते. दांडा गळपट्टीच्या थोडा खाली, छातीच्या वरच्या भागावर टेकवायचा, मनगटं कोपरांच्या बरोबर वर ठेवायची, आणि कोपरं अगदी आडवी फाकवायची नाहीत. पाठीची कमान फार उचलली तर बेंच तीस अंशांचा असूनही छाती पुन्हा सपाट होते, हे लक्षात ठेवायचं. दांडा अडकला तर उचलायला मागे माणूस हवा.

डंबेलमध्ये दोन्ही हात मोकळे असतात. तळवे थोडे आत वळवता येतात, खांद्याला सोसेल तो मार्ग हात स्वतः शोधतात, आणि वर जाताना हात एकमेकांजवळ येतात, म्हणजे ‘आत आणि वर’ हे काम पुरं होतं. ज्याचा खांदा बारबेलवर कुरकुरतो त्याने आधी हे करून पाहावं. त्रास एवढाच की जड डंबेलं मांडीवरून गुडघ्याचा धक्का देऊन वर घेण्याचं तंत्र शिकावं लागतं.

स्मिथ मशीनला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण एकटा व्यायाम करणाऱ्याला त्यात दांडा कुठेही अडकवून सुटता येतं, तोल सांभाळण्यात शक्ती जात नाही, आणि सगळा जोर छातीवर लावता येतो. फक्त बेंच नीट पुढेमागे करून दांडा योग्य जागी उतरतो की नाही ते रिकाम्या दांड्याने पाहून घ्यायचं.

तळवे तोंडाकडे करून, म्हणजे उलट्या पकडीने सपाट बेंच केला तर वरच्या छातीला थोडं जास्त काम मिळतं, असं २००५च्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण दांडा हातातून गडगडण्याची भीती असते आणि मनगटं दुखतात. मागे भरवशाचा माणूस नसेल तर हा नाद नको. मानेकडे दांडा उतरवण्याचा जुना प्रकारही खांद्याच्या जिवावर बेततो. आणि डोकं खाली असलेला डिक्लाइन बेंच ह्या कामाचा नव्हेच. घरीच असाल तर पाय खुर्चीवर ठेवून जोर काढा. तेही तिरपं प्रेसच झालं.

भाच्यासाठी आम्ही डंबेल निवडलं. त्याचे हात लांब, आणि बारबेलवर त्याचा उजवा खांदा दुखायचा. शिवाय बोटीवर आधीच असलेल्या त्याच्या मित्राने सांगितलं होतं की कर्मचाऱ्यांच्या जिममध्ये डंबेलं आणि एक हलता बेंच आहे. हलत्या समुद्रावर डोक्यावर दांडा तोलण्यापेक्षा ते बरंच. जे फेब्रुवारीनंतरही करता येईल तेच नोव्हेंबरात सुरू करायचं, असं ठरलं. आठवड्यातून दोन दिवस, दोन्ही दिवशी सर्वांत पहिला व्यायाम हाच, चार-चार सेट, आठ ते बारा वेळा, आणि अजून एक-दोन वेळा जमलं असतं अशा ठिकाणी थांबायचं. सपाट बेंच नंतर, उरल्या शक्तीने.

ह्यात त्याला सर्वांत जड गेली ती शक्तीची गोष्ट नव्हेच. सपाट बेंचवर तो मित्रांसमोर साठ किलो मारायचा. इथे हातात पंधरा-पंधराची डंबेलं आली, तीही तीस अंशांवर, आणि दहाव्या वेळेला हात थरथरू लागले. शेजारचे बघत होते. "बेंच कितलें मारता?" ह्या प्रश्नाला आता त्याच्याकडे सांगण्यासारखं उत्तर उरलं नव्हतं. तिरप्या बेंचवर प्रत्येकाचंच वजन कमी होतं, हे त्याला पटायला दोन आठवडे लागले.

इंजेक्शनांबद्दल मी त्याला एकदाच बोललो. बाहेरून हे हार्मोन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, कधी जवळजवळ थांबवतं. वृषणं आकसतात, मूल होण्याला अडचण येऊ शकते, पुरुषाच्या छातीत स्त्रीसारख्या गाठी धरू शकतात, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल बिघडून हृदयावर ताण येतो. बाटलीत खरोखर काय आहे हे विकणारालाही ठाऊक असेलच असं नाही. आणि एवढं करूनही त्याने गळपट्टीखालचा भाग निवडून भरत नाही. चुकीच्या कोनात बसलेला माणूस इंजेक्शन घेऊनही खांदेच वाढवतो. माझ्या मते ह्या शेवटच्या मुद्द्याचा त्याच्यावर सर्वांत जास्त परिणाम झाला. बावीसाव्या वर्षी हृदय फार दूरचं वाटतं, आरसा जवळचा असतो.

जेवणाचं त्याच्या आईने पाहिलं. वजन चौसष्ट किलो, म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण वीस ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा. शीतकढी आणि बांगडे खाणाऱ्या घराला डबे विकत आणायची फारशी गरज नसते, फक्त भात थोडा कमी आणि मासळी थोडी जास्त, एवढा बदल. गुरुवारी-सोमवारी शिवराक असतं तेव्हा डाळी, दही आणि पनीर.

फेब्रुवारीपर्यंत डंबेलं पंधरावरून विसावर गेली, नऊ वेळा. चौदा आठवड्यांत एवढंच. गळपट्टीखालची जागा थोडी भरली होती, पण त्याने दाखवल्यावर दिसावी इतपत. त्या दोन तंतूंच्या मधली फट, हाडांची ठेवण, स्नायू कुठे चिकटतो ते, हे सगळं जन्माने येतं आणि कुठल्याही बेंचवर बदलत नाही, हेही मी त्याला सांगितलं होतं. त्याला आणखी हवं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. वैद्यकीय तपासणी झाली, रक्तदाब ठीक निघाला, आणि तो गेला. कोर्सवाल्याचा फोन नंबर त्याच्या मोबाइलमध्ये अजून आहे की नाही, ते मी विचारलं नाही. बहिणीनेही विचारलं नसावं.

मागच्या महिन्यात त्याचा मेसेज आला. बोटीवरच्या बेंचला खाचांऐवजी पिन आहे, आणि कोन कळत नाही. मी त्याला लिहिलं, की सामानात खालच्या कप्प्यात बघ, तुझ्या आईने गणपतीचा फोटो ठेवलाय त्या पाकिटात मी गुण्या घातला आहे.